रोजच्यातलं पातं

पवनचक्कीचं पातं साखळीला टांगलं. काट्याची सुई थरथरून थांबली. मोझेस साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे जड आहे."

"मजबूत हाय साहेब," आमचे शेठ म्हणाले.

"मजबूत असेल. पण जड आहे. बाकीच्यांचंही वजन करू."

बाकीची पाती शेडच्या भिंतीला टेकून उभी होती. आम्ही बायकांनी एकेक खांद्यावर घेऊन आणलं आणि टांगलं. सगळी थोड्याफार फरकानं सारखीच भरली. परीक्षेला द्यायचं म्हणून बाजूला ठेवलेलं पातं मात्र त्यांच्यापेक्षा एखाद्या तान्ह्या पोराच्या वजनाएवढं जास्त होतं.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. साताऱ्याकडे डोंगरावर मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या होत्या. आमची पाती त्या मानानं लहान. चार बायकांनी उचलावी एवढी. जिथे वीज पोचली नाही तिथे बॅटऱ्या भरायला आणि पाणी ओढायला लहान चक्क्या लागत. त्या पुण्याची एक कंपनी करायची आणि पात्यांचं काम तिनं आमच्या शेठला दिलं होतं. विलासशेठची शेड पेणजवळ, हमरापूरच्या बाजूला. आधी तिथे धाटावच्या केमिकल कंपन्यांसाठी फायबरच्या टाक्या व्हायच्या, कारण अॅसिड लोखंड खातं, फायबर खात नाही. मी तिथे बायकांची मुकादम होते. शाळा माझी चौथीपर्यंत. पण फायबरच्या कामात शाळेपेक्षा हात लागतो.

काम सांगते. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई. तिला मॅट म्हणतात. साच्यात मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन ओतायचं. रेझिन हा काकवीसारखा चिकट द्रव असतो. त्यात हार्डनर घातला की थोड्या वेळानं तो दगडासारखा होतो. तो घट्ट व्हायच्या आत रोलर फिरवून आतली हवा काढायची. मग दुसरी मॅट, पुन्हा रेझिन, पुन्हा रोलर. असे थर चढत जातात. पात्याच्या मुळाशी, म्हणजे जिथे ते चक्कीला बोल्टनं बसतं तिथे, थर सगळ्यांत जास्त. सगळा जोर तिथेच येतो.

आमच्या बहुतेक बायका गणपतीच्या कारखान्यांतल्या. साचा, थर, घासणं, रंग यात कुणाला काही शिकवावं लागलं नाही. पण मूर्तीचं काम हंगामाचं. गणपती गेले की हात रिकामे. फायबरचं काम बारमाही होतं. पात्यांची ऑर्डर पक्की झाली तर आमच्या बायकांना वर्षभर काम, नाहीतर टाक्यांचं जेमतेम दोघी-तिघींना पुरेल एवढंच. आणि ऑर्डर पक्की व्हायला सर्टिफिकेट पाहिजे होतं. हे पातं वादळात मोडणार नाही, असं तिसऱ्या माणसानं तपासून लिहून द्यायचं. तो तिसरा माणूस म्हणजे मोझेस साहेब. पहिली चक्की एका आश्रमशाळेच्या आवारात उभी राहायची ठरली होती. पोरं तिच्याखाली खेळणार हे उघड होतं.

साहेबांनी विचारलं, "हे जड पातं कुणी केलं?"

भागी पुढे झाली. ती आमची सगळ्यांत चांगली कारागीर. तिच्या हाताखालून गेलेल्या थरात हवेचा एक बुडबुडा सापडायचा नाही. ती म्हणाली, "मी केला. मुळाशी दोन मॅट जास्ती टाकल्या."

"ड्रॉइंगमध्ये आहेत का?"

"नायत."

"मग का टाकल्या?"

"परीक्षेला जायचा हाय ना? मग कसापन पाठवू काय? मंडळाची मूर्ती आन् घरातली मूर्ती सारखी करतो काय आम्ही?"

हे आमच्याकडे सगळ्यांना पटणारं होतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. जो माल चार लोकांत जायचा त्याच्यावर हात जास्त फिरवायचा, ही पेणच्या बाजूची रीतच आहे.

साहेब हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. म्हणाले, "भागीबाई, ताप तुम्हाला आलाय. डॉक्टर म्हणाले रक्त तपासून आणा. तुम्ही शेजारच्या पैलवानाचं रक्त नेऊन दिलं. रिपोर्ट उत्तम येईल. ताप कुणाचा उतरेल?"

बायका खुसखुसल्या. भागीनं पदर तोंडाला लावला.

शेठ मात्र तापले. "साहेब, चांगला माल दिला हा काय गुन्हा झाला?"

"गुन्हा नाही. पण याची परीक्षा घेतली तर सर्टिफिकेट या एकट्याला मिळेल. तुम्ही विकणार ती भिंतीशी उभी आहेत ती."

"मग त्यातलं चांगलं बघून घ्या एक."

"मी निवडणार नाही. तुम्हीही नाही."

टेम्पोवाला दारात चहा पीत उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, "यातलं कुठलं नेशील?" तो म्हणाला, "दारापासचा. उचलायला सोपा." झालं. दाराजवळच्या पात्याच्या मुळावर साहेबांनी जाड पेनानं सही केली आणि म्हणाले, "परवा टेस्ट. उद्या शनिवार, मी काम करत नाही."

शेठना हे कळेना. मला कळलं. आमच्या बाजूच्या गावांत पूर्वी शनिवार पाळणारी ज्यू तेल्यांची घरं होती. बरीच इस्रायलला गेली, थोडी राहिली. साहेब त्यांच्यातले. त्यांची आजी रोह्याची. म्हणून ते बोलायचे पुण्याच्या साहेबासारखं, पण ऐकायचे आमच्यातल्यासारखं. एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागायची नाही.

शनिवारी सकाळी शेठ माझ्याजवळ आले. आवाज खाली. "यमुनाबाय, त्या सहीवाल्या पात्याला मुळाशी आतल्या अंगानं एक थर देता येईल काय? कुनाला दिसायचा नाय."

मी काही म्हणायच्या आत भागीच म्हणाली, "शेठ, तो परत वजन करील."

शेठनं विषय सोडला. आम्ही कुणी फार सत्यवादी नव्हतो. पण त्या माणसाला फसवता येणार नाही हे एका दिवसात सगळ्यांना कळलं होतं. सर्टिफिकेट देणाऱ्या माणसाची एवढी जरब असली की बाकीच्यांना आपोआप सरळ वागावं लागतं.

रविवारी पातं टेम्पोत घालून आम्ही रोह्याकडे निघालो. शेठ पुढे ड्रायव्हरजवळ, मी, भागी आणि आणखी दोघी मागे पात्याला धरून. कासू गेलं, नागोठणं गेलं. धाटावला एका टाकीवाल्या फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये काँक्रीटात रोवलेला जाड लोखंडी खांब होता. टेस्टसाठी तोच ठरवला होता. पोचल्या पोचल्या साहेबांनी पात्याचं वजन केलं. भागीनं शेठकडे बघितलं. शेठनं छताकडे बघितलं.

टेस्ट अशी असते. पात्याचं मूळ खांबाला बोल्टनं आवळायचं. पातं आडवं, हवेत, झाडाच्या फांदीसारखं. वारा ज्या बाजूला लागतो ती बाजू वर. मग वाऱ्याच्या ऐवजी वाळूची पोती ठेवत जायची. वादळात जेवढा दाब येईल तेवढी वाळू. आणि वर आणखी थोडी, कारण वादळ काही मोजून मापून येत नाही. तेवढं ओझं पात्यानं ठरलेला वेळ पेललं पाहिजे आणि ओझं काढल्यावर पुन्हा सरळ झालं पाहिजे. ते जमलं तर पास. पुढे मग ते मोडेपर्यंत ओझं घालायचं. म्हणजे कुठे आणि कशानं मोडतं ते कळतं.

शेठनं वाळू आणून ठेवली होती. साहेबांनी मूठभर हातात घेऊन दाबली. मूठ उघडली तरी वाळूचा गोळा तसाच राहिला.

"ओली आहे. ऊन लागलं की वजन बदलेल. वाळवा."

"साहेब, वाळू ती वाळू."

"वाळवा."

आम्ही ताडपत्रीवर वाळू पसरली. दुपारपर्यंत हातांनी परतत राहिलो, जशा घरी वालाच्या शेंगा परततो तशी. मग पिशव्या भरल्या. साहेबांनी प्रत्येक पिशवी स्वतः काट्यावर घातली. घाम गाळत. त्यांच्या हाताखाली माणूस होता, पण वजन त्याच्यावर सोडलं नाही. मला हे आवडलं. साहेब लोक बहुतेक सही करतात, उचलत नाहीत.

पात्याच्या खाली कुणी जायचं नाही म्हणून दोरी बांधली. आम्ही बाजूच्या फळ्यांवर उभ्या राहून पिशव्या ठेवत गेलो. एक फेरी झाली की साहेब थांबा म्हणत, टोकाशी उभ्या केलेल्या पट्टीवर पातं किती वाकलं ते बघत आणि लिहीत. मग पुढची फेरी. पातं वाकत होतं. वाकायचंच असतं. जे वाकत नाही ते आधी मोडतं.

तिसऱ्या फेरीला ते करकरलं.

"पडतंय काय?" शेठ ओरडले.

"बोलतंय. बोलू दे."

चौथ्या फेरीला पुन्हा करकरलं, या वेळी मुळाशी. साहेबांनी मान वाकडी केली. चेहरा बदलला. आम्हाला म्हणाले, "खाली उतरा. सगळ्या. आत्ता." आम्ही उतरलो तोच सुका बांबू फाटावा तसा आवाज झाला. पातं मुळाजवळ दुमडलं आणि सगळ्या पिशव्या धपाधप जमिनीवर आल्या. ज्या फळीवर भागी उभी होती ती उलटली होती.

वादळाएवढं ओझं व्हायला अजून फेऱ्या बाकी होत्या.

शेठ एका पिशवीवर बसले. बायकांच्या तोंडावर मला दिसत होतं, जी ती मनातल्या मनात कुठल्या कारखान्यात काम मागायला जायचं त्याचा विचार करत होती.

भागी म्हणाली, "माझा टिकला असता."

"टिकलं असतं," साहेब म्हणाले. "मी सही करून घरी गेलो असतो. आणि याचं भावंड शाळेत उभं राहिलं असतं."

भागीनं उलटलेली फळी उचलून भिंतीला लावली.

शेठ उठले. "साहेब, फेल लिहू नका. टेस्ट रद्द झाली असं लिहा. आमची माणसं उपाशी मरतील."

"फेल झालं तर फेलच लिहिणार. पण का झालं तेही लिहिणार. ते कळेपर्यंत माझं काम संपत नाही."

ते गुडघ्यावर बसले आणि मोडलेलं मूळ बोटांनी उघडायला लागले. आत थर पोळीच्या पापुद्र्यासारखे सुटले होते. नीट चिकटलेला थर असा सुटत नाही. तो फाटतो, त्याला धागे दिसतात. इथे एका ठराविक थरावर पापुद्रा सरळ, गुळगुळीत सुटला होता. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. त्यांनी ती चिमटीत चोळली, मग मनगटाच्या आतल्या बाजूला लावली आणि वाट बघितली. थोड्या वेळानं तिथे खाजवायला लागले.

"उद्या शेडवर येतो," ते म्हणाले. "एक नवं पातं करा. मी बसून बघणार. भागीबाई, नेहमीसारखं करायचं. माझ्यासाठी काही विशेष नाही."

"नाय करीत विशेष," भागी म्हणाली. "हौस फिटली."

सोमवारी सकाळपासून साहेब रेझिनच्या रिकाम्या पिंपावर बसले. कुणाला काही विचारलं नाही. आम्ही मॅट कापल्या, रेझिन कालवलं, थर चढवायला लागलो. जेवणाची वेळ झाली तेव्हा मुळाचे अर्धे थर झाले होते. रोज असंच व्हायचं. आम्ही हात धुतले आणि शेडच्या मागे सावलीत जेवायला गेलो. आत वासानं घास उतरत नाही.

"साहेब, चला. वालाचा बिरडा हाय," मी म्हटलं.

"तुम्ही जेवा. मी इथेच बसतो."

आम्ही गेलो आणि आत ग्राइंडर सुरू झाला.

इथे दत्ताचं सांगायला पाहिजे. दत्ता आणि त्याचे दोन जोडीदार तयार पाती घासून गुळगुळीत करायचे. घासलं की काचेची बारीक धूळ उडते. ती अंगाला लागली की नुसती खाज, घामात तर आग. आम्ही नवऱ्याचे लांब हातांचे शर्ट घालायचो तरी आत जायची. म्हणून दत्तानं आपणहून ठरवलं होतं, की बायका जेवायला गेल्या की घासायचं आणि बायका परत आल्या की थांबायचं. त्यासाठी तो स्वतः उशिरा जेवायचा. असा माणूस कारखान्यात मिळत नाही. आम्ही त्याला घरचं काहीबाही आणून द्यायचो.

आम्ही जेवून परत आलो तेव्हा साहेब तिथेच बसले होते. केसांवर, भुवयांवर पांढरी पूड. त्यांनी आपल्या फायलीचा काळा पुठ्ठा आमच्या अर्धवट पात्याच्या शेजारी साच्याच्या काठावर ठेवला होता. तो राखेसारखा झाला होता. त्यांनी त्यावरून एक बोट ओढलं. काळी रेघ उमटली.

"हे एका जेवणाचं," ते म्हणाले. "शेजारी रेझिन अजून चिकट आहे. त्याच्यावरही एवढंच बसलं. आता तुम्ही त्याच्यावर पुढचा थर देणार."

मला पहिल्यांदा कळलं ते हे, की त्यात समजायला अवघड असं काहीच नव्हतं. तव्यावर पीठ भुरभुरून घावन घातलं तर ते तव्याला चिकटत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक. तेच रोज आमच्या पाठीमागे होत होतं. आम्ही कधी जेवणाच्या वेळेला आत बसून बघितलं नव्हतं. बघायचं कारणच नव्हतं.

"आणि भागीबाईंचं पातं?" साहेबांनी विचारलं.

भागी हळू म्हणाली, "त्या दिशी आम्ही जेवायला उठलोच नाय. एका दमात केला."

"बायका आत होत्या, मंग मी घासलाच नाय," दत्ता म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "साहेब, मी यांना त्रास नको म्हनून..."

"कळलं मला. यांचा वाचला, तो पात्याला झाला. तुझी दानत चांगली आहे, वेळ बदल."

शेठना लगेच उपाय सुचला. "जेवणाची सुट्टीच बंद करू."

"शेठ, मंग रेझिन तुम्ही लावा," मी म्हटलं. "आम्ही बघतो बसून."

साहेबांनी उपाय सांगितला तो साधा होता. मुळाचं काम जेवणाच्या आत संपेल असं सकाळीच सुरू करायचं. जेवायला दोन तुकड्यांत जायचं, म्हणजे साचा अर्धवट पडून राहणार नाही. घासकाम शेडच्या बाहेर, जेवणाच्या जागेपासून लांब, छप्पर टाकून. दत्तानं घासायचं कधीही, पण तिथे.

राहिली भिंतीला उभी असलेली पाती. साहेब म्हणाले, "ही सगळी बाद."

शेठ कळवळले. "यातली अर्धी चांगली असतील."

"असतील. कुठली अर्धी ते सांगा, तेवढी ठेवू."

शेठनं रांगेतल्या एकदोन पात्यांवरून हात फिरवला. मग त्यांनी दत्ताच्या हातातला कटर घेतला आणि पहिलं पातं स्वतः मधोमध कापलं. बाद माल बाहेर पडला की कुणीतरी तो विकतंच, हे धंद्यातल्या माणसाला चांगलं माहीत असतं. शेठ काही संत नव्हते, पगाराला उशीर करायचे, पण त्या दिवशी त्यांनी एकही पातं शाबूत ठेवलं नाही. भागीचंही नाही, ते ड्रॉइंगप्रमाणे नव्हतं. ती आपल्या पात्यावर कटर फिरताना बाहेर गेली नाही. उभी राहून बघितलं.

पुण्याच्या कंपनीला साहेबांनी स्वतः एसटीडी बूथवरून फोन केला. मी बाहेर बाकावर होते. ते म्हणाले, "फेल आहे. कारण सापडलं आहे. पुन्हा घेण्यासारखं आहे." तीन वाक्यं. आमची रदबदली केली नाही, आमच्या गरिबीचं गाऱ्हाणं सांगितलं नाही. कंपनीनं मुदत दिली. रदबदलीनं दिली नसती असं मला वाटतं.

नवी पाती झाली. पहिले काही दिवस दोन तुकड्यांत जेवताना बायकांनी कुरकुर केली. गप्पा अर्ध्यावर राहायच्या, कुणाची भाजी कुणाला मिळायची नाही. मग सवय झाली. पुन्हा धाटावला गेलो. वाळू या वेळी आम्ही आदल्या दिवशीच वाळवून ठेवली होती. साहेबांनी तरीही मूठ दाबून बघितली.

पातं वाकलं, करकरलं, आणखी वाकलं. वादळाएवढं ओझं झालं. त्याच्या वरचं थोडंही झालं. साहेब घड्याळ धरून उभे. मग पिशव्या काढायला लागलो तसं पातं हळूहळू वर आलं आणि जिथे होतं तिथे येऊन थांबलं.

शेठनं साहेबांचे हात धरले. साहेब म्हणाले, "अजून मोडायचं राहिलंय."

पुन्हा ओझं. या वेळी पिशव्या संपत आल्या. शेवटी ते मोडलं. मुळाशी नाही, मधे. थर सुटले नाहीत, धागे ओढून फाटले, दोरखंड तुटावा तसे. साहेबांनी मोडलेल्या जागी हात फिरवला, आणि हात स्वच्छ निघाला तो आम्हाला दाखवला.

"छान मोडलं," ते म्हणाले. तेवढंच. भागीला ते पुरलं. परतीच्या टेम्पोत तिनं ते चारदा म्हणून दाखवलं.

सर्टिफिकेट आलं. शाळेच्या आवारात चक्की उभी राहिली. आमच्या बायकांना पुढे काही वर्षं बारमाही काम मिळालं. मग मोठ्या चक्क्या आल्या, मोठ्या कंपन्या आल्या, लहान पात्यांचा धंदा बसला. तो आमच्या कामानं बसला नाही, एवढं मी सांगू शकते. मोझेस साहेब पुन्हा भेटले नाहीत. मी पुष्कळ साहेब पाहिले. माल चांगला आहे का एवढंच ते बघायचे. या माणसानं आम्ही जेवायला गेल्यावर काय होतं ते बघितलं.

परीक्षा घ्यायची तर रोजच्या दिवसाची घ्यावी. विशेष दिवशी कुणीही चांगलं काम करतो.